थंडीच्या तोंडावर जुनी मोटरसायकल: पडवीतून बाहेर काढण्यापासून घाट उतरेपर्यंत

कोकणात थंडी आली हे कळायला थर्मामीटर लागत नाही. न्हाणीघरातल्या बाटलीतलं खोबरेल सकाळी थिजलेलं दिसलं की समजायचं, पारा चोविशीच्या खाली यायला लागला. आंबेवाले तेव्हापासून मोहोराची वाट बघतात आणि जुन्या गाड्या बाळगणारे आपापल्या ताडपत्र्या उचकटतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडच्या थंडीने गाडीचं थेट काही बिघडत नाही. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर ऐन जानेवारीत पहाटे पारा अठराच्या आसपास असतो. दापोली जरा उंचावर, तिथे एखाद्या वर्षी दहापर्यंत उतरतो. युरोपातल्या मॅन्युअलमधली हिवाळ्याची तयारी बर्फासाठी लिहिलेली आहे, ती जशीच्या तशी उचलून उपयोग नाही. इथे गाडीला छळतो तो चार महिन्यांच्या पावसाने आत मुरवलेला ओलावा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात चार महिने उभी राहिलेली गाडी पहिल्या गार सकाळी किक घेत नाही, तेव्हा दोष थंडीला जातो. म्हणून आधी पाऊस बाहेर काढायचा, मग थंडीचं बघायचं, हाच क्रम.

हा लेख बिडाच्या इंजिनाची बुलेट, जावा-येझदी, राजदूत, आरएक्स १००, आरडी ३५० अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. जावा-येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, म्हणजे तिथली सगळ्यात ‘नवी’ येझदीसुद्धा आता तिशीची आहे.

केव्हा काढायची

परतीचा पाऊस एकदाचा गेला की दसरा आणि दिवाळी यांच्या मधले दिवस या कामासाठी सर्वांत चांगले. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे शिव्या घालतात, पण टाकी, वायरिंग, सीट, ड्रम सुकवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. एकच अडचण असते ती दसऱ्याची. पूजेसाठी गाडी पाण्याच्या जोराच्या पंपाखाली धुतात, हार घालतात आणि पुन्हा पडवीत लावतात. ब्रेक ड्रममध्ये, पॉइंटच्या (म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काच्या) झाकणात, चेनच्या कड्यांत गेलेलं पाणी तिथेच राहतं. धुवायचीच असेल तर ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर सकाळी धुऊन दिवसभर खळ्यात उन्हात ठेवा.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर गाडी ठेवत असाल तर चाकांखाली फळी हवीच. ती जमीन पावसाळाभर ओल सोडत असते. आणि वर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका. आतला दमटपणा आतच फिरतो आणि क्रोमवर ठिपके उठतात. जुनी सुती चादर बरी.

किक मारण्याआधी

चार महिने बंद असलेल्या गाडीला पहिल्याच दिवशी किक मारायची हौस आवरा. आधी तिच्यात कोण राहायला आलं आहे ते बघा. सायलेन्सरचं तोंड, कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) ओव्हरफ्लो नळी, इंजिनची श्वासनळी आणि टाकीच्या झाकणाचं बारीक भोक या चार जागा कुंभारमाशीच्या लाडक्या. ती मातीचं घरटं बांधून तोंड पक्कं लिंपून टाकते. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं की गाडी चार-पाच किलोमीटर झकास चालते आणि मग पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते, कारण आत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. या एका भोकापायी किती कार्ब्युरेटर विनाकारण खोलले गेले असतील! एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर कापूस, पेंढा आणि वायरीचे तुकडे यांचा संसार मांडतात, तोही उघडून बघा.

मग प्लग काढा. भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. पिस्टन जिथे थांबला होता तिथे बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, गंजाची बारीक रेघ आलेली असू शकते. तेल त्यावर पसरलं पाहिजे. चाक अडलं तर जोर करू नका, अजून थोडं तेल सोडून रात्रभर थांबा. घाईत मारलेल्या एका किकेने पिस्टनची रिंग तुटली तर सबंध सिलिंडर उतरवावा लागतो.

पेट्रोल

टाकीत जूनचं पेट्रोल असेल तर काढून टाका. पारदर्शक बाटलीत घ्या, दोन मिनिटं स्थिर ठेवा, मग उन्हात धरून बघा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आलं आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि एका मर्यादेपलीकडे ते पाण्यासकट पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं. कॉक, म्हणजे पेट्रोलचा नळ, तळाशीच असल्यामुळे कार्ब्युरेटरला पहिला घास मिळतो तो याच पाण्याचा. आमच्या दमट किनाऱ्यावर अर्धी भरलेली टाकी सर्वांत वाईट: वरच्या मोकळ्या पत्र्यावर ओल धरते, गंज चढतो, तो खाली उतरतो. पुढच्या जूनमध्ये टाकी पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवा किंवा काठोकाठ भरून ठेवा.

इथेनॉलने जुनं रबरही फुगतं किंवा मऊ पडतं. पेट्रोलची नळी दोन बोटांत दाबून बघा. चिकट लागली, फुगली असेल किंवा टोकाला चिरा दिसल्या तर बदला. जुन्या कॉकमध्ये बुचाचं सील असतं, ते सुकलं की कॉक बंद करूनही थेंब थेंब गळतं.

कार्ब्युरेटरचा खालचा वाडगा उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळाशी हिरवट-पांढरी जेलीसारखी घाण असेलच. पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारं भोक) सर्वांत बारीक, म्हणून सर्वांत आधी तेच तुंबतं. ते तुंबलं की गाडी चोकवर चालू होते आणि चोक काढला की बसते. तार घालून भोक मोठं करू नका. हवेच्या झोताने आणि कार्ब्युरेटर क्लीनरने स्वच्छ करा. आडगावात काहीच नसेल तर बारीक वायरीतला तांब्याचा एकच तंतू चालतो.

येझदी-राजदूतसारख्या टू-स्ट्रोकवाल्यांनी पेट्रोल-तेलाचं जुनं मिश्रण कुठल्याही परिस्थितीत वापरू नये. नवं मिश्रण कॅनमध्येच हलवून मग टाकीत ओता. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर तेल. तुमच्या गाडीचं आणि तुम्ही वापरता त्या तेलाचं प्रमाण काय आहे ते बघून ठरवा. आरएक्सला तेलाची टाकी वेगळी, तिची पातळी आणि पंपाची केबल दोन्ही तपासा.

ठिणगी

जुन्या गाड्यांच्या ‘थंडीतल्या’ तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त मला इथे सापडतात. दमट हवेत उघड्या पॉइंटच्या तोंडावर राखाडी पापुद्रा चढतो. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, पण ठिणगी मात्र पिवळी आणि अशक्त करतो. झाकण काढा, बारीक पॉलिश पेपरने दोन्ही तोंडं हलक्या हाताने घासा, मग कोरा पुठ्ठा त्यामधून दोनदा ओढा म्हणजे घासल्याची धूळ निघते. कॅमने पॉइंट सर्वांत जास्त उघडलेल्या जागी फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लावा. बुलेटला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, येझदीलाही साधारण ०.४०. कॅमवर ग्रीसचा ठिपका अगदी तिळाएवढाच. जास्त झालं की उडून पॉइंटवरच जातं.

प्लग नवा टाका. किंमत किरकोळ आहे, वाद घालू नका.

कॉइलपासून प्लगला वीज नेणाऱ्या हाय टेन्शन वायरची एक परीक्षा पहाटे अंधारात करायची. दव पडलेलं असताना गाडी चालू करून दिवा बंद ठेवा आणि प्लग-टोपीपासून कॉइलपर्यंत बघा. वायरला चीर असेल तर तिथून सिलिंडरच्या पात्यांकडे निळ्या ठिणग्या बारीक चटचट आवाज करत उडताना दिसतात. दुपारच्या कोरड्या उन्हात हीच वायर निर्दोष वाटते, म्हणून मिस्त्रीकडे नेली की गाडी शहाण्यासारखी चालते आणि घरी आली की पुन्हा सकाळी हट्ट धरते. वायर आणि टोपी दोन्ही बदला.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, विहिरीचं पाणी घालू नका. पूर्ण चार्ज झालेली ६ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत ६.३ च्या आसपास आणि १२ व्होल्टची १२.६ च्या आसपास दिसली पाहिजे. चौकटीला जिथे अर्थची वायर बसते ती जागा घासून चकचकीत करा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेलीचा हात द्या. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवं चढायला एक पावसाळा पुष्कळ होतो.

तेल आणि क्लच

पावसाळ्यानंतर इंजिन ऑइल बदला, किलोमीटर झाले असोत वा नसोत. तेल काढल्यावर त्याचा रंग बघा. दुधी, ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. बुलेटला २०डब्ल्यू-५० आपल्या थंडीत खुशाल चालतं. हिवाळ्यासाठी म्हणून पातळ ग्रेड घ्यायची गरज नाही, उलट दुपारी महामार्गावर तापलेल्या बिडाच्या इंजिनात ते फारच पातळ पडेल.

जुन्या बुलेटची एक खोड मात्र माहीत हवी. बरेच दिवस उभी राहिली की तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँकच्या खोलीत उतरतं. किक जड लागते आणि चालू झाल्यावर निळ्या धुराचा लोट निघतो. पंप ते तेल दोन-चार मिनिटांत परत ओढून घेतो. त्यानंतरही धूर तसाच राहिला तर बंद करा, खालून तेल काढा आणि पंप दाखवा.

क्लच प्लेटी एकमेकींना चिकटलेल्या असतात. चावी बंद, क्लच पूर्ण दाबलेला, अशा अवस्थेत पाच-सहा किका मारा. प्लेटी सुटल्याचं पायाला कळतं. हे न करता पहिला गिअर टाकलात तर गाडी पडवीतून थेट तुळशीवृंदावनापर्यंत जाईल.

केबलींना तेल देताना खोबरेल वापरू नका. घरात हाताशी असतं म्हणून पुष्कळ जण वापरतात आणि नेमकं थंडीत ते आवरणात थिजतं. अॅक्सिलरेटर सोडल्यावर परत यायला वेळ लावू लागला की कारण हेच. केबलच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचं छोटं नरसाळं दोऱ्याने बांधा, त्यात पातळ इंजिन ऑइल भरा आणि रात्रभर टांगून ठेवा. सकाळी खालच्या टोकातून थेंब आला की झालं.

ब्रेक, चाकं: ड्रम उघडून गंजाचा लाल पापुद्रा पॉलिश पेपरने काढा, नाहीतर पहिले काही ब्रेक अचानक धरतात. स्पोक एकेक करून पान्याने वाजवा, बद्द आवाज देणारा सैल आहे. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांच्या वरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो आणि गार, दवाने ओल्या रस्त्यावर त्याची पकड भरवशाची नसते. साधारण दर ५-६ अंशांनी हवेचा दाब एक पीएसआय उतरतो, म्हणून ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी दाखवणारच. गाडी गार असतानाच मोजा.

पहाटेची किक

इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे गार सकाळी पहिली फायरिंग मिळवणं आता पूर्वीपेक्षा थोडं कटकटीचं झालं आहे. ताकद लावून काही होत नाही. क्रम सांभाळला की होतं.

पॉइंटवाल्या बुलेटचा क्रम असा. कॉक उघडून अर्धा मिनिट थांबा, वाडगा भरू द्या. चोक लावा. चावी बंद ठेवून, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून तीन-चार किका मारा, म्हणजे तेल वर चढतं आणि सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ जाते. आता चावी लावा आणि नजर अँपिअर मीटरवर ठेवा. पॉइंट मिटलेले असतील तर काटा वजाकडे झुकलेला दिसेल. नसेल तर किक हळू हळू दाबा, झुकेल. दाबत राहा. एका जागी पायाला विरोध जाणवतो आणि त्याच सुमाराला काटा टुणकन मध्यावर येतो. म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन माथ्याजवळ आहे. तिथे डिकॉम्प्रेसर दाबून किक अगदी इंचभर पुढे न्या, डिकॉम्प्रेसर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या. मग अॅक्सिलरेटर बंद ठेवून एकच लांब किक, शेवटपर्यंत, घाई न करता. सेटिंग ठीक असेल तर गाडी या किकेला किंवा पुढच्या किकेला बोलते. पायात बूट असू द्या. चपलेवर मारलेली किक उलटली की घोटा सुजतो, आणि ठिणगीचं टायमिंग पुढे असेल तर ती उलटणारच.

पेट्रोलचा वास यायला लागला आणि गाडी गप्प, म्हणजे ती पेट्रोल प्यायली. चोक काढा, चावी बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, डिकॉम्प्रेसर दाबून आठ-दहा किका मारा, मग पहिल्यापासून सुरुवात करा.

येझदीला टिकलर (कार्ब्युरेटरवरची छोटी कळ) दाबून कार्ब्युरेटर ओला होईपर्यंत पेट्रोल चढवा, चावी बंद ठेवून दोन किका, मग चावी लावून तिसरी. दाट हवेत टिकलर उन्हाळ्यापेक्षा थोडा जास्त दाबावा लागतो. आरएक्सबद्दल लिहिण्यासारखं फार नाही: चोक, किक, चालू.

चालू झाल्यावर जागेवर पाच-पाच मिनिटं रेस देत बसणारे लोक शेजाऱ्यांना उठवतात आणि प्लग काळा करतात. एखादा मिनिट पुरे. चोक अर्धा, मग बंद, आणि निघा. मात्र पहिले चार-पाच किलोमीटर अॅक्सिलरेटर पिळायचा नाही. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडरची बाही बिडाची. पिस्टन लवकर तापतो, लवकर फुगतो. बाही अजून गारच असते. मधली फट संपली की इंजिन पकडतं. टू-स्ट्रोकमध्ये हे फार चटकन होतं आणि आरडी ३५० वाल्यांना ते वेगळं सांगायला नको.

याच सुमाराला कार्ब्युरेटरला हात लावून बघा. भर दमट सकाळी त्याच्या अंगावर पाण्याचे टपोरे थेंब जमलेले असतात. आत पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, म्हणून धातू बाहेरच्या हवेपेक्षा गार होतो. हे गळतीचं लक्षण नाही.

आणि रोज फक्त नाक्यावरच्या टपरीपर्यंत गाडी नेत असाल तर नेऊ नका. एवढ्यात इंजिन तापत नाही, आत जमलेली वाफ बाहेर पडत नाही, तेलात पाणी साठत जातं. आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर जा, ते रोजच्या दोन किलोमीटरपेक्षा गाडीला मानवतं.

थंडीसाठी जेट बदलावं का?

हा प्रश्न दर नोव्हेंबरला येतो. हवा ३२ अंशांवरून १८ वर आली की तिची घनता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते, म्हणजे मिश्रण थोडं पातळ होतं. आंबोलीसारख्या सातशे मीटर उंचीच्या ठिकाणी गेलात की हवेचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी घटतो आणि मिश्रण उलट दाट होतं. गार सकाळी घाट चढलात तर दोन्ही परिणाम एकमेकांना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. तेव्हा मेन जेटला हात लावू नका. किनाऱ्यावर पहाटे आयडलिंग बसत असेल तर बुलेटच्या कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू पाव फेरा आत घ्या. एवढंच. प्लगचं टोक पांढरं फटक दिसत असेल तर मात्र इथेनॉलमुळे मिश्रण खरंच पातळ झालं आहे. तेव्हा एक नंबर मोठं जेट टाकायला हरकत नाही, पण ते बारा महिन्यांसाठी.

रस्ता

दिवाळीच्या आसपास भातकापणी आणि झोडणी चालू असते. पेंढ्याने लादलेले टेम्पो जातात, रस्त्यावर काड्या सांडतात, काही ठिकाणी डांबरावरच पेंढा वाळत घातलेला असतो. दवाने ओला झालेला पेंढा केळीच्या सालीसारखा निसरडा. त्यावर ब्रेक नाही, गाडी तिरपी करणं नाही, सरळ आणि सावकाश. लांब काड्या पुढच्या चाकाच्या अॅक्सलला आणि चेनला गुंडाळतात. थांबलात की सुरीने कापून काढा, नाहीतर ऑइल सील खराब होतं.

चिऱ्याच्या खाणींजवळ ट्रकांमधून सांडलेली तांबडी भुकटी असते. दुपारी ती एअर फिल्टर भरते आणि पहाटे दव पडल्यावर तिचा गिलावा होतो. खाणीचं वळण ओळखीचं असलं तरी पहाटे ते नवीन समजून घ्या.

धुक्यात ६ व्होल्टच्या दिव्यावर फार विश्वास नको. तो आपल्याला रस्ता दाखवण्यापेक्षा समोरच्याला आपण दिसावं यासाठी लावायचा. डीप वर ठेवा, अप्पर लावला तर पांढरी भिंत उभी राहते. मागच्या मडगार्डवर परावर्तक पट्टी चिकटवा, गाडीचं जुनं रूप बिघडतं असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

आता घाट. कुंभार्ली, आंबा, फोंडा, गगनबावडा, आंबोली, कुठलाही घ्या, सह्याद्री आपल्या पूर्वेला आहे. सूर्य डोंगरामागून येतो, त्यामुळे कोकणाकडची बाजू सकाळी बराच वेळ सावलीत असते आणि तिथलं दव नऊ-दहापर्यंत सुकत नाही. गावात लख्ख ऊन पडलेलं असताना घाटातली वळणं ओली असतात, हे लक्षात ठेवून निघा. मला विचाराल तर घाट चढायला दहानंतर सुरुवात करावी आणि उतरताना चारच्या आत उतरावं. त्यानंतर पश्चिमेचं ऊन थेट डोळ्यांत येतं.

चढताना काळजी नाही. गार हवा बिडाच्या इंजिनाला उलट मानवते. जपायचं ते उतरताना. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या येझदी-राजदूतचा अॅक्सिलरेटर बंद केला की पेट्रोल थांबतं आणि पेट्रोलबरोबर वंगणही थांबतं. चाकं मात्र इंजिन फिरवत राहतात. पाच-सात किलोमीटर असं उतरलात की पिस्टन कोरडा पडतो. म्हणून दर मिनिटाला क्लच दाबून अॅक्सिलरेटर एकदा उघडा, तेलाचा घोट जाऊ द्या. बुलेटला हा प्रश्न नाही, तिला खालच्या गिअरमध्ये निवांत उतरवा आणि ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवू नका, ते तापून फिके पडतात.

खारं पाणी

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा या फेरीबोटींनी किनाऱ्याकिनाऱ्याने जायला मजा येते. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा, शेजारी उभे राहा, पुढचा ब्रेक हाताशी असू द्या. उतरल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने रिम, स्पोक आणि सायलेन्सर धुवा, पण इंजिन गार झाल्यावरच. तापलेल्या बिडावर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. आणि फोटोसाठी गाडी पुळणीवर नेणाऱ्यांना काय सांगावं! ओली वाळू चेनमध्ये, ड्रममध्ये आणि व्हील बेअरिंगमध्ये एकदाच शिरते आणि पुढची तीन वर्षं दुरुस्तीचं बिल देत राहते.

अंगावर काय

१० अंशांत ६० च्या वेगाने जाताना उघड्या कातडीला ५ अंशांइतकी थंडी जाणवते. आंबोलीत पहाटे हे होतंच. पावसाळ्यातला रेनकोट थंडीत वारा अडवायला उत्तम, आत स्वेटर. जास्तच गार वाटलं तर छातीवर वर्तमानपत्राची घडी, हा जुना उपाय अजून चालतो. आजीच्या आग्रहाने गळ्यात मफलर घेतलात तर त्याची टोकं जॅकेटच्या आत खोचा. मागे उडणारं टोक चेनमध्ये गेलं की काय होतं ते सांगायला नको. हेल्मेटखाली जाड कानटोपी घालू नका, हेल्मेट सैल बसतं. पातळ सुती बलाक्लाव्हा (डोकं, तोंड आणि गळा झाकणारी टोपी) घ्या. हातमोजे हवेतच, कारण बोटं बधिर झाली की जुन्या गाडीचा जड क्लच अर्धाच दाबला जातो आणि गिअर खरडतात.

कागद आणि पिशवी

कागदांचं थोडक्यात. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, मग दर ५ वर्षांनी पुन्हा. विमा आणि पीयूसी चालू हवेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नोंदणी १० वर्षं टिकते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. बाजाराला, देवळाला, सासुरवाडीला गाडी न्यायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

पिशवीत गॅप लावून ठेवलेला प्लग, प्लग पाना, फिलर गेज, पॉलिश पेपरचा तुकडा, तयार पॉइंट-कंडेन्सर, चेनचं जोडकडं, फ्यूज, बाइंडिंग वायर, दिव्याचा एक बल्ब आणि टू-स्ट्रोक असेल तर तेलाची छोटी बाटली. क्लचची जास्तीची केबल पिशवीत ठेवू नका. जुन्या केबलीच्या शेजारूनच ती चौकटीवर ओढून चिकटपट्टीने बांधून ठेवा, दोन्ही टोकांना जाड ग्रीस लावून वर पिशवी गुंडाळा. अंधारात, घाटात, गार बोटांनी टाकी उतरवून केबल ओवत बसावं लागत नाही, तुटलेलीची टोकं काढून नवीची अडकवली की पाच मिनिटांत निघता येतं.